मालेतलं न्याहारीचं ताट कुठून येतं?

मालदीवची राजधानी माले. तिथल्या घरात सकाळी डोकावलं तर बहुतेक वेळा एकच न्याहारी दिसते: मस हुनि आणि रोशी. उकडून धुरी दिलेला मासा हाताने कुस्करतात, त्यात खोवलेलं ओलं खोबरं, बारीक चिरलेला कांदा, मिरची, लिंबाचा रस आणि मीठ घालून सगळं बोटांनी चोळतात. सोबत गरम रोशी, म्हणजे जवळजवळ आपली पोळीच. आणि चहा.

ताट आपल्या ओळखीचं वाटतं. पण ज्या बेटावर हे शहर उभं आहे तिथे शेत नाही, नदी नाही, साधा ओढाही नाही. मग हे ताट रोज भरतं कुठून? त्यातला एकेक जिन्नस उचलून त्याचा माग काढला की बेटावरच्या राजधानीचा सगळा व्यवहार समजतो. तेच इथे करून बघू.

आधी जागेचा अंदाज घेऊ. मूळ माले बेटाचं क्षेत्रफळ सुमारे दोन चौरस किलोमीटर. दादरच्या शिवाजी पार्कसारखी सतराएक मैदानं शेजारी शेजारी ठेवली की संपलं बेट. तेही समुद्रात भर घालून वाढवलेलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्ध्या तासात चालत जाता येतं, आणि एवढ्या जागेत लाखाहून बरीच जास्त माणसं राहतात. २०२२ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ५ लाख १५ हजार भरली. त्यांतले जवळपास २ लाख १२ हजार लोक माले शहरात होते, म्हणजे मूळ बेट आणि त्याला जोडून धरलेली हुळुमाले, विलिमाले वगैरे बेटं मिळून. देशात सुमारे १,२०० बेटं आहेत, वस्ती दोनशेहूनही कमी बेटांवर आहे, आणि दर पाच माणसांतली दोन राजधानीत आहेत. मोठं सरकारी इस्पितळ, वरच्या इयत्तांच्या शाळा, सरकारी कचेऱ्या, आयातदारांची गोदामं हे बहुतेक सगळं इथेच. त्यामुळे इमारती वर वर चढत गेल्या, गल्ल्या अरुंदच राहिल्या आणि माणसं मोटारसायकलींवर आली.

आता ताट. पहिला जिन्नस मासा, आणि तो मात्र शंभर टक्के घरचा आहे.

मालदीवची भाषा दिवेही. तिची लिपी, थाना, उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून पाहणाऱ्याला ही भाषा अरबीच्या घरातली वाटते. प्रत्यक्षात ती सिंहलीची सख्खी आणि मराठीची लांबची बहीण आहे. माशाला तिथे ‘मस’ म्हणतात. काळ्याला ‘कळु’. दोन खुणा लक्षात ठेवल्या तर आणखी बरेच शब्द ओळखता येतात: आपल्या ‘प’चा तिथे ‘फ’ होतो आणि ‘स’, ‘श’चा ‘ह’. म्हणून पाणी म्हणजे ‘फेन’, साखर म्हणजे ‘हकुरु’, सोमवार ‘होम’ आणि शुक्रवार ‘हुकुरु’. मंगळवाराला तर ‘अंगारा’ म्हणतात. अंगारकी चतुर्थी पाळणाऱ्या घरात हे वेगळं सांगायला नको. मला ही गोष्ट फार जवळची वाटते. नकाशावर ठिपक्यांसारखी दिसणारी ही बेटं परकी म्हणून सोडून द्यायची नसतात, हे त्या एका शब्दाने पटतं.

तर हा मस म्हणजे मुख्यतः टुना, कोकणातला कुपा. सगळ्यात जास्त पकडली जाते ती त्याची लहान जात, ‘कळुबिलमस’. पकडण्याची पद्धत जुनी आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे, कारण तीच या देशाची बाजारातली पत आहे. होडीला तिथे दोनी म्हणतात. आपल्या जुन्या मराठीतली डोणी आठवा, दोन्हींचं मूळ संस्कृत द्रोणी. दोनी आधी प्रवाळाच्या कडेला जाऊन छोटे मासे जिवंत पकडते आणि समुद्राचं पाणी खेळत राहील अशा हौदात ते ठेवते. मग खोल समुद्रात टुनाचा थवा दिसला की हे जिवंत आमिष पाण्यात उधळतात आणि वरून पाण्याचा फवारा मारतात. छोट्या माशांची झुंड वर आली आहे असं टुनाला वाटतं आणि थवा खवळतो. दोनीच्या मागच्या बाजूला ओळीने उभे असलेले गडी लांब काठीच्या गळाने एकेक मासा उचलून डेकवर टाकत जातात. गळाला उलटा काटा नसतो, म्हणून मासा डेकवर पडता पडताच सुटतो आणि गळ पुन्हा पाण्यात जातो. जाळं नसल्यामुळे कासवं, डॉल्फिन असं नको ते फार कमी सापडतं. याच कारणाने २०१२ मध्ये इथल्या काठी-गळाच्या टुना मासेमारीला शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं आणि युरोपच्या दुकानांत तिला चांगली गिऱ्हाइकं मिळाली. आपल्याकडे पर्ससीन जाळ्यांवरून किनाऱ्यावर एवढे वाद होत असताना ही पद्धत मला नीट अभ्यासण्याजोगी वाटते.

मालेच्या उत्तरेच्या धक्क्यावर मासळीबाजार आहे. दोन्या पहाटे जातात, त्यामुळे खरी गर्दी दुपारनंतर, त्या परतल्यावर. मासा ढकलगाडीवरून किंवा शेपटीला धरून आत येतो, फरशीवर मांडला जातो, आणि पलीकडच्या ओट्यावर कापणारे काही मिनिटांत त्याचे तुकडे करून देतात. ताजा मासा पाण्यात मीठ घालून उकळला की ‘गरुदिया’ नावाचं पातळ सार होतं. भात, लिंबू, मिरची आणि कांदा यांच्याबरोबर ते दुपारचं जेवण. तेच पाणी तासन्‌तास आटवलं की काळपट घट्ट ‘रिहाकुरु’ होतं, ते बरणीत महिनोन्‌महिने टिकतं. उकडून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा कडक केलेला मासा म्हणजे ‘हिकिमस’. बर्फ आणि शीतगृहं येण्याआधी हाच देशाचा मुख्य निर्यातीचा माल होता आणि त्याचं मोठं गिऱ्हाईक श्रीलंका.

एकाच गिऱ्हाइकावर सगळा देश चालवला की काय होतं, ते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दिसलं. श्रीलंकेकडे परकीय चलनाचा खडखडाट झाला आणि तिने वाळवलेल्या माशाची खरेदी आखडती घेतली. मालदीवचं कंबरडंच मोडायचं, पण त्याच सुमारास जपानी कंपन्यांची शीतजहाजं ताजा मासा विकत घ्यायला आली, १९७४ पासून दोन्यांना इंजिनं बसू लागली, आणि १९७२ मध्ये मालेजवळच्या एका बेटावर पहिलं पर्यटक-निवास सुरू झालं. देशाचं उत्पन्न माशावरून पाहुण्यांवर सरकायला लागलं ते इथून.

दुसरा जिन्नस खोबरं. तेही घरचं, पण मालेचं नव्हे. नारळ दूरच्या बेटांवरून दोनीने येतो. खोवायला ‘हुनिगोंडि’ असते: बसायचं बुटकं लाकूड आणि पुढे दातेरी पातं. कोकणातली बसून नारळ खोवायची अडाळी जिने वापरली असेल तिला ती पाहताक्षणी ओळखता येईल. मासळीबाजाराशेजारीच भाजीबाजार आहे. तिथे केळी, नारळ, विड्याची पानं, सुपारी, मिरच्या मांडलेल्या असतात. तोद्दू बेटावरची कलिंगडं आणि पपया प्रसिद्ध आहेत. देशात पिकतं ते साधारण एवढंच. वाळूत आणि प्रवाळाच्या चुऱ्यात भात किंवा गहू उभा राहत नाही.

म्हणून ताटातले उरलेले जिन्नस समुद्रापलीकडून येतात: रोशीचं पीठ, चहा, साखर आणि कांदा.

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण कांदा हा आमच्या नाशिक भागाचा जीव की प्राण. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. भाव कोसळले, शेतकरी रस्त्यावर आले. ती बंदी ४ मे २०२४ ला उठली. पण त्याच्या महिनाभर आधी, बंदी चालू असतानाच, ५ एप्रिलला एक अधिसूचना निघाली. तिने मालदीवसाठी २०२४-२५ या वर्षात ३५,७४९ टन कांदा, २१,५१३ टन बटाटा, १ लाख २४ हजार टन तांदूळ, १ लाख ९ हजार टन गव्हाचं पीठ, ६४ हजार टन साखर आणि ४२ कोटी ७५ लाख अंडी पाठवायची मोकळीक दिली. जगाला दार बंद, मालदीवला खिडकी उघडी.

याचं मूळ १९८१ च्या व्यापार करारात आहे. त्या कराराखाली भारत मालदीवला जीवनावश्यक वस्तूंचा ठरावीक वाटा राखून ठेवतो. भारतात टंचाई असो, बंदी असो, हा वाटा वेगळा. आकड्यांकडे मात्र नीट बघायला हवं. ३५,७४९ टनाला लोकसंख्येने भागलं तर माणशी वर्षाला ६९ किलो कांदा येतो, अंडी माणशी ८३०. वर्षाकाठी वीस लाख पर्यटक येतात हे धरलं तरी एवढं कोणी खात नाही. कारण हा खपाचा आकडा नव्हे. इथपर्यंत पाठवता येईल अशी वरची मर्यादा आहे. प्रत्यक्षात मागणीप्रमाणे त्यातलं कमी-जास्त उचललं जातं. बातम्यांत हे दोन आकडे सर्रास एक करून टाकतात.

आणखी एक गोष्ट. २०२४ च्या सुरुवातीला दोन्ही देशांत बरीच कटुता आली होती. मालदीवच्या काही उपमंत्र्यांच्या वक्तव्यांवरून भारतात बहिष्काराची हाक निघाली, भारतीय पर्यटकांचा ओघ घटला. त्याच एप्रिलमध्ये दिलेला हा वाटा १९८१ पासूनचा सगळ्यात मोठा होता. राजकारणाचा पारा चढला तरी शेजाऱ्याच्या ताटातला कांदा काढून घेतला गेला नाही. मला हे योग्यच वाटतं. मात्र त्याच वेळी ज्यांच्या कांद्याला भाव नव्हता त्या चांदवड-लासलगावच्या शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे हा वाटा काय दिसला असेल, हेही मला विसरता येत नाही.

भारतातून निघालेला माल बहुतेक तुतिकोरिन किंवा कोचीहून जातो, इतर देशांचा बराचसा कोलंबोला जहाज बदलून येतो. मालेचं व्यापारी बंदर लहान आहे, धक्का अपुरा आहे. मोठं जहाज बाहेर नांगर टाकून थांबतं आणि माल बार्जमध्ये उतरवून आत आणावा लागतो, असं वर्षानुवर्षं चालत आलं आहे. म्हणजे एक पोतं दोनदा हाताळायचं, जहाज थांबलं त्या दिवसांचं भाडं भरायचं, आणि तो सगळा खर्च शेवटी पोत्यावरच. शिवाय जहाज येताना भरलेलं, जाताना बरंचसं रिकामं, कारण परत न्यायला माशाशिवाय फारसं काही नाही. परतीच्या रिकाम्या फेरीचं भाडंही येणाऱ्या मालालाच सोसावं लागतं. ट्रक मोकळा परत आणावा लागला तर भाडं का वाढतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही भाजी व्यापाऱ्याला विचारा.

तांदूळ, पीठ आणि साखर या तीन वस्तू सरकारी व्यापार संस्था (स्टेट ट्रेडिंग ऑर्गनायझेशन) आणते आणि अनुदान देऊन स्वस्त विकते. ही संस्था १९६४ मध्ये सुरू झाली, १९७९ मध्ये तिला आजचं नाव मिळालं, आणि आज ती औषधं, इंधन, सिमेंटसुद्धा आणते. सरकारने दुकान का मांडावं, असा प्रश्न पडेल. त्याचं उत्तर दुसऱ्या महायुद्धात आहे. तेव्हा जहाजं थांबली आणि तांदूळ येणं बंद झालं. लोकांनी झाडपाला, कंदमुळं उकडून खाल्ली. मासा होता, पण नुसत्या माशावर पोट भरत नाही. त्या दिवसांची आठवण मालदीवच्या घराघरांत मोठ्या उपासमारीचा काळ म्हणून राहिली. ज्या समाजाने हे सोसलं तो तांदळाची गोदामं केवळ खासगी व्यापाऱ्याच्या भरवशावर ठेवायला धजत नाही.

त्याआधीचा व्यापार कोणाच्या हातात होता? बराचसा मुंबईकरांच्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मुंबईच्या बोहरी व्यापाऱ्यांनी मालेत दुकानं आणि वखारी थाटल्या. तांदूळ-कापड आणायचं, वाळवलेला मासा न्यायचा, आणि दोन्हीकडचा भाव आपणच ठरवायचा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांचा वरचष्मा राहिला. स्थानिकांना तो जाचत होता, आणि सरकारी व्यापार संस्थेची गरज का भासली याचं हे दुसरं कारण.

अजून मागे गेलं तर मालदीवचं चलनच समुद्रातून यायचं. कवडी! ‘कवडीमोल’, ‘फुटकी कवडी’ असं आपण सहज म्हणतो. भारतात नाणं म्हणून चालणाऱ्या कवड्यांचा फार मोठा साठा मालदीवच्या उथळ पाण्यातून गोळा केलेला असे. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता मालेत काझी होता. कवड्या देऊन बंगालच्या लोकांकडून तांदूळ घेतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. म्हणजे तेव्हा कवडी देऊन तांदूळ, पुढे हिकिमस देऊन तांदूळ, आज पर्यटन देऊन तांदूळ. आजचं चलन रुफिया, त्याचे शंभर भाग होतात, त्या प्रत्येकाला ‘लारी’ म्हणतात. ही लारी म्हणजे चांदीची दुमडलेली तार. इराणी आखातापासून मालदीवपर्यंत ती चालायची, आणि आदिलशाहीच्या काळात कोकणच्या बंदरांतही तिच्यावर व्यवहार होत. आपल्याकडे ती संग्रहालयात गेली, मालेत तिचं नाव रोजच्या हिशेबात राहिलं.

आता कांद्याच्या भावामागचं सगळ्यात अवघड गणित: डॉलर.

दुकानदाराला कांदा डॉलर देऊन आणावा लागतो आणि रुफिया घेऊन विकावा लागतो. अधिकृत दर डॉलरला १५.४२ रुफिया, आणि २०११ नंतर तो जवळजवळ तिथेच खिळला आहे. कागदावर हे छान वाटतं. पण या दराने बँकेत मागितले तेवढे डॉलर मिळत नाहीत. मिळाले नाहीत की दुकानदार बाहेरच्या बाजारात जातो आणि तिथे डॉलर बराच महाग असतो. मग तो कांद्याचा भाव बाहेरच्या दराने लावतो, कारण पुढचं पोतं त्याला त्याच दराच्या डॉलरने आणायचं आहे. सरकारी दर तसाच राहून महागाई वाढते ती अशी.

पण वर्षाला वीस लाख पर्यटक डॉलर घेऊन येतात, मग टंचाई कशी? मालदीवमध्ये ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ अशी पद्धत रुळलेली आहे. पर्यटक विमानतळावर उतरून थेट त्या बेटावर जातो. खोलीचे पैसे अनेकदा परदेशातच भरलेले असतात, रिसॉर्ट आपला माल स्वतः आयात करतं, परदेशी कर्मचारी पगार घरी पाठवतात. डॉलर देशात आले असं हिशेबात दिसतं, पण मालेच्या बँकेपर्यंत त्यांतले थोडेच पोहोचतात. घरातल्या टाकीत पाणी भरपूर आणि नळाला मात्र थेंब थेंब, तसं. म्हणून १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या परकीय चलन कायद्याने पर्यटन व्यवसायांना ठरावीक डॉलर देशातल्या बँकांत बदलून घेणं सक्तीचं केलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांपर्यंतची चलन-अदलाबदलीची सोय दिली, तीही याच ओढाताणीत.

चहा राहिला. चहापत्ती आणि साखर बाहेरून येते हे सांगितलंच. पण चहाचं पाणी?

हा माझ्या दृष्टीने सगळ्यात विलक्षण भाग आहे. मालेत पाऊस भरपूर, पुण्याच्या दुपटीहून जास्त. पूर्वी प्रत्येक अंगणात विहीर होती. समुद्राच्या मधोमध विहिरीला गोडं पाणी कसं लागतं? पावसाचं पाणी वाळूत मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलकं असल्यामुळे ते खाली साचलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं, भिंगाच्या आकाराचा थर करून. हिमनगासारखाच हिशेब: समुद्रपातळीच्या वर वीतभर गोडं पाणी असेल तर खाली सुमारे चाळीस वीत असतं. याचा उलटा अर्थ लक्षात घ्या. वरून वीतभर पाणी उपसलं की खालून खारं पाणी चाळीस वीत वर चढतं. बेटावर पाच-दहा हजार माणसं असेपर्यंत हा थर पुरला. पुढे माणसं वाढली, पंप आले, संडासाचे खड्डेही त्याच वाळूत. १९७८ मध्ये कॉलऱ्याची मोठी साथ आली. थर आटत गेला, बिघडत गेला आणि शेवटी पिण्याला निरुपयोगी झाला.

आज मालेच्या नळाला समुद्राचं पाणी गोडं करून येतं. ज्या पडद्यातून पाणी जाईल पण मीठ जाणार नाही, अशा पडद्यावर समुद्राचं पाणी हवेच्या दाबाच्या पन्नास-साठ पट जोराने ढकलतात. एवढा जोर लावायला वीज लागते, आणि मालेची वीज बहुतांशी डिझेलवर. डिझेल जहाजाने येतं, डॉलर मोजून. म्हणजे मालेत नळ सोडला की कुठेतरी डिझेल जळतं. मासा टिकवायचा बर्फही त्यातूनच. घरगुती पाण्याचं बिल आणि आखातातल्या तेलाचा भाव यांचं एवढं थेट नातं असलेली राजधानी दुसरी क्वचितच असेल.

४ डिसेंबर २०१४ ला या पाणी प्रकल्पात आग लागली आणि सुमारे एक लाख लोकांचे नळ कोरडे पडले. चारी बाजूंना पाणी आणि प्यायला घोट नाही. मालेने भारताकडे मदत मागितली. काही तासांतच हवाई दलाची विमानं बाटलीबंद पाणी घेऊन निघाली, नौदलाची आयएनएस सुकन्या पोहोचली, आणि मुंबईहून आयएनएस दीपक शेकडो टन गोडं पाणी घेऊन गेली. या मोहिमेचं नाव होतं ‘नीर’. मुंबईच्या बंदरातून मालेच्या चुलीवरच्या चहाला पाणी गेलं, ही गोष्ट आपल्याकडे किती जणांना आठवते कोण जाणे.

ज्या घरात हे ताट मांडलेलं आहे त्या घराबद्दलही थोडक्यात. पूर्वी घरं प्रवाळाच्या दगडाची असत. मालेतली जुनी जुम्मा मशीद, ‘हुकुरु मिस्की’, १६५८ मध्ये प्रवाळ कोरून बांधली. तिच्या भिंतींवरचं कोरीवकाम आजही शाबूत आहे. पण शहर वाढलं तसं बांधकामासाठी प्रवाळ इतका काढला, आणि भरावाने बेट प्रवाळकाठापर्यंत इतकं पुढे नेलं, की लाटा अडवणारी नैसर्गिक भिंत कमजोर झाली. एप्रिल १९८७ मध्ये मोठ्या लाटांनी मालेचा बराच भाग बुडवला. त्यानंतर जपानच्या मदतीने बेटाभोवती टेट्रापॉडचा बांध उभा राहिला, मरीन ड्राइव्हला असतात तसे चौपायी काँक्रीटचे ठोकळे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत या बांधाने शहराला मोठ्या विध्वंसातून वाचवलं.

प्रवाळ काढणं थांबवायचं तर वाळू-खडी बाहेरून आणायला हवी. २०२४-२५ च्या त्याच वाट्यात नदीची वाळू दहा लाख टन आणि खडी दहा लाख टन होती, ती यासाठी. आपल्या नद्यांतल्या वाळूउपशाचे हाल आपण रोज पाहतो. एका देशाचं प्रवाळ वाचवायला दुसऱ्या देशाच्या नदीचा काठ खरवडला जाऊ नये, एवढी काळजी दोन्ही सरकारांनी घ्यायलाच हवी.

जागेसाठी १९९७ पासून भर घालून हुळुमाले हे नवं बेट तयार केलं. तिथे जायला फेरी लागायची. ऑगस्ट २०१८ मध्ये चीनच्या मदतीने बांधलेला पूल सुरू झाला आणि मोटारसायकलीने काही मिनिटांत विमानतळ, हुळुमाले गाठता येऊ लागलं. दुसऱ्या बाजूला विलिमाले, गुळिफाळू आणि तिलाफुशी या बेटांपर्यंत ६.७४ किलोमीटरचा पूल भारताच्या मदतीने आणि कर्जाने होतो आहे. ते काम मुंबईच्या ॲफकॉन्स कंपनीकडे आहे. व्यापारी बंदर तिलाफुशीला हलवायचं ठरलं आहे. ते नीट झालं तर पोतं दोनदा हाताळायचा खर्च कमी होईल. माझ्या मते सामान्य मालेकराच्या ताटाला पुलापेक्षा या बंदराचा उपयोग जास्त आहे.

संध्याकाळी उत्तर धक्क्यावर उलटी वाहतूक सुरू होते. दूरच्या बेटांच्या दोन्या उभ्या असतात. सकाळी त्यांतून मासे, नारळ, कलिंगडं उतरली. आता त्यांत तांदळाची पोती, गॅसच्या टाक्या, सिमेंट, अंड्यांचे ट्रे आणि कांदा चढतो. माल चढवणारे हात बरेचसे बांगलादेशी कामगारांचे. देशात आलेलं जवळपास सगळं आधी मालेत उतरतं आणि मग असं वाटलं जातं, त्यामुळे मालेत कांदा महागला की शेवटच्या बेटावर तो आणखी महाग असतो.

आणि दोनी कधी सुटेल हे शेवटी नक्षत्र ठरवतं. मालदीवच्या जुन्या दर्यावर्दी पंचांगात वर्षाचे सत्तावीस भाग आहेत, प्रत्येक तेरा-चौदा दिवसांचा, त्यांना ‘नकय्’ म्हणतात. नावं ऐका: रोनु, मियाहेली, आदा, फुनोस, फुस. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य! आपल्या शेतकऱ्याने ज्या नक्षत्रांवर पेरणी बेतली त्यांवरच त्यांनी समुद्रात जायचं की नाही ते बेतलं. मियाहेली ४ जूनच्या सुमारास लागतं, आपलं मृग त्यानंतर तीन-चार दिवसांनी. नैर्ऋत्येचं वारं, तिथल्या भाषेत ‘हुळंगु’, तेव्हा जोरात असतं. आमच्याकडे मृगाचा पहिला पाऊस पडून लोक वापशाची वाट बघत असतात, तेव्हा मालेच्या धक्क्यावर भरलेली दोनी दोन-दोन दिवस दोराला बांधून राहते, आणि लांबच्या बेटावर त्या आठवड्यात मस हुनि कांद्याशिवाय होते.